बेपत्ता माणसाचं काम

साधा माणूस रंगवणं हे सगळ्यांत अवघड काम, आणि ते माझ्याइतकं कोणाला जमत नाही, असं अगदी परवापरवापर्यंत माझं ठाम मत होतं. राजा कोणीही करतो. मुकुट घातला की निम्मं काम मुकुटच करतो. खुनी तर त्याहून सोपा, डोळे वटारले की झालं. पण बसथांब्यावर उभा असलेला, खिशात किल्ली चाचपणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस करून दाखवा बघू! व्यापारी मंडळाच्या वार्षिक नाटकात मी वर्षानुवर्षं असेच लोक करत आलोय. एकदा टपालवाला, एकदा दुसरा शेजारी, आणि एकदा पडदा उघडायच्या आधीच वारलेले आजोबा. त्या आजोबांना चक्क टाळ्या पडल्या होत्या. बायकोचं म्हणणं, टाळ्या खुर्ची मोडल्याबद्दल होत्या. असो.

त्यातून माझं चष्म्याचं दुकान. समोरचा माणूस यंत्रावर हनुवटी टेकवतो आणि मी वीतभर अंतरावरून त्याच्या डोळ्यांत बघतो. खालची ओळ दिसत नसताना दिसते म्हणून ठोकून देणारी माणसं मी आवाजावरून ओळखतो. माणसाचा स्वभाव म्हणजे माझ्या हातचा मळ!

त्यामुळे शेजारच्या दुकानातला न्हावी जेव्हा सांगत आला, की लष्कराला आपल्यासारखी माणसं हवी आहेत, तेव्हा मी ग्राहकाच्या नाकावरची फ्रेम तशीच सोडून बाहेर आलो. गावाबाहेर, दगडाच्या खाणीपलीकडे, लष्करानं सरावासाठी एक खोटं गाव बांधलं होतं. उद्या एखाद्या वस्तीत जाऊन काम करायची वेळ आली, तर तिथल्या लोकांशी कसं वागायचं, हे जवानांना तिथं शिकवत. आजवर पुठ्ठ्याची माणसं उभी करून सराव चालायचा. पण पुठ्ठ्याचा माणूस वाटेत आडवा येत नाही, तक्रार करत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. आता खरीखुरी माणसं हवी होती. गर्दी करणारी, चुकीचा पत्ता सांगणारी, काही झालं की धावत बघायला येणारी.

"म्हणजे आपण एरवी करतो तेच," न्हावी म्हणाला.

मी त्याला समजावलं, की एरवी करणं वेगळं आणि ठरवून करणं वेगळं. दुसऱ्याला कला म्हणतात. त्यानं मान डोलावली आणि दोघांचीही नावं देऊन आला. मी बायकोचंही द्यायला लावलं. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. गाल धरून विव्हळत आलेल्या माणसाला नुसत्या बोलण्यानं शांत बसवणं हे तिचं रोजचं काम. अभिनयाचा तिला गंध नाही, पण माझं काम जवळून बघितलं तर निदान खुर्चीचा विषय तरी बंद होईल, असा माझा हिशेब होता. तिनं सुट्टीच्या दिवशी हे काय नवीन, म्हणून कुरकुर केली, पण आली.

गाव मात्र बघण्यासारखं होतं. चौक, चौकात कोरडी विहीर, भोवती विटांची घरं. खिडक्यांना चौकटी होत्या, काचा नव्हत्या. औषधांच्या दुकानात औषध नाही, शाळेत फळा तेवढा खरा. बेकरीच्या फळीवर प्लास्टरचे पाव मांडून त्यांना इतका छान तपकिरी रंग दिला होता, की न्हाव्यानं एक उचलून वास घेतला. मनोऱ्यावरचं घड्याळ रंगवलेलं होतं, त्यामुळे तिथं कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असत.

आमच्यावर देखरेख करायला प्रशिक्षण केंद्राची एक चटपटीत तरुणी होती. गळ्यात शिट्टी आणि हातात कार्डांचा गठ्ठा. आम्ही तिला शिट्टीबाईच म्हणू लागलो. तिनं एकेकाच्या गळ्यात कार्ड अडकवायला सुरुवात केली. कार्डावर तुम्ही कोण ते लिहिलेलं. माझं मन नगराध्यक्षावर होतं. मी छाती जरा पुढे काढून, पाठीमागे हात बांधून उभाच होतो. नगराध्यक्ष न्हाव्याला मिळाला. त्यानं पाठीमागे हात बांधलेसुद्धा नव्हते.

माझ्या कार्डावर लिहिलं होतं, 'बेपत्ता माणूस. पाणीपुरवठ्यातला फिटर.' आणि बायकोच्या कार्डावर, 'बेपत्ता माणसाची बायको.'

बायकोनं दोन्ही कार्डं वाचली आणि शिट्टीबाईला हळूच विचारलं, नवरा बदलून मिळेल का. शिट्टीबाई म्हणाली, आता कार्डं छापून झाली.

कथानक असं होतं. गावात पाण्याच्या पाइपांची तोडफोड झालीय, संशय आपल्यावर येईल या भीतीनं फिटर लपून बसलाय. तो कुठं आहे हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. जवानांचा अधिकारी तिच्याशी दमदाटी करून बोलला, तर तिनं तोंड उघडायचं नाही. नीट बोलला, तिचा विश्वास बसला, तरच जागा सांगायची. मग जवानांनी फिटरला गाठायचं, त्याला धीर द्यायचा, की सराव संपला आणि सगळ्यांनी जेवायला जायचं.

मी विचारलं, माझी वाक्यं कोणती. शिट्टीबाई म्हणाली, वाक्यं नाहीत. मग मी करायचं काय?

"तुम्ही सापडायचं, काका," ती म्हणाली.

बेकरीच्या मागच्या कोठारात माझ्यासाठी एक खुर्ची, पाण्याची बाटली आणि चाळायला एक जुनं मासिक ठेवलेलं होतं. तरी मी खचलो नाही. वाक्यं नसलेल्या भूमिकेतच नटाचा कस लागतो. फिटरची पाठ सतत वाकून दुखत असणार, हे मी ठरवलं. त्याचं लहानपण कष्टात गेलं असणार, हेही ठरवलं. ते शिट्टीबाईला सांगायला गेलो, तर ती सगळ्यांना गोळा करून सूचना देत होती. खेळाच्या मध्येच कोणाला खरोखर काही झालं, चक्कर आली, पाय मुरगळला, तर एक ठरलेला शब्द ओरडायचा. तो ऐकला की सगळे जागच्या जागी थांबणार. नुसतं 'वाचवा' म्हणून उपयोग नाही, कारण वाचवा तर कथानकातले लोकही ओरडणार होते. शब्द मुद्दाम असा निवडला होता, की तो कोणाच्या तोंडून चुकून जाऊ नये. त्या वेळी मी न्हाव्याला नगराध्यक्ष कसा चालतो ते शिकवत होतो. शब्द कानावरून गेला. काहीतरी उफराटंच होतं, एवढं कळलं.

भोंगा वाजला. गाड्या आल्याचे, बुटांचे, हुकमांचे आवाज आले. मी कोठारात खुर्चीवर बसून पाठ दुखवत होतो. फिटरच्या नाकावर सोनेरी काडीचा चष्मा शोभेना, म्हणून तो काढून मी मासिकावर ठेवला. चष्मा नसला की मला माणूस आणि कपाट यांतला फरक हलल्याशिवाय कळत नाही. पण कलेसाठी माणूस काय करत नाही!

माझ्या आणि बेकरीच्या मध्ये एकच पातळ भिंत. पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आधी बायको जवानांवर कडाडली. माझा नवरा कुठाय, तुम्ही काय झोपा काढता का, अशी तिनं, आपल्याला काही ठाऊकच नसल्यासारखी, सुरुवात केली आणि मी चाटच पडलो. बाई बरी करत होती की! मग एक तरुण आवाज आला. लेफ्टनंट होता. आवाजावरूनच कळत होतं, की हा त्याचा परीक्षेचा दिवस आहे. तो म्हणाला, ताई, तुम्ही आधी सावलीत बसा. त्यानं शिरस्त्राण काढून ठेवल्याचा आवाज आला. तिला पाणी दिलं. घाई नाही म्हणाला.

आता, आमच्या बायकोला कोणी बस म्हणून पाणी दिलं, असं क्वचितच होतं. दवाखान्यात ती इतरांना देते. घरी काय होतं ते विचारू नका. ती एकदम निवळली. लेफ्टनंटनं विचारलं, यजमान दिसायला कसे आहेत. तिनं फिटरचं वर्णन करायला हवं होतं. ते कार्डावर नव्हतं, म्हणून तिनं घरी रोज जो समोर असतो त्याचंच केलं.

ती म्हणाली, कपाळ मोठं आहे, ते आता पार मागपर्यंत गेलंय. चालताना पोट आधी पोचतं, ते नंतर. लेफ्टनंटनं विचारलं, काही खास सवय? ती म्हणाली, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत दुरुस्त करतात. लेफ्टनंटनं विचारलं, कुठं गेले असतील असं वाटतं?

"कुठं जाणार, अहो? स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे आणि रोज सकाळी मला विचारतात, माझा चष्मा कुठाय."

लेफ्टनंट सावकाश म्हणाला, पण ते तर पाणीपुरवठ्यात फिटर आहेत ना? बायकोच्या लक्षात चूक आली असणार. पण ती दवाखान्यात तयार झालेली. गडबडली नाही. दोन्ही करतात, म्हणाली.

झालं. लेफ्टनंटनं तिथल्या तिथं वायरलेसवर कळवलं, की बेपत्ता इसम दुहेरी आयुष्य जगत असून त्याचं चष्म्याचं एक गुप्त दुकान आहे. अर्धी तुकडी दुकान शोधायला गेली. गावात चष्म्याचं दुकान नव्हतंच, त्यामुळे ते फारच गुप्त असणार, अशी सगळ्यांची खात्री पटली. सरावावर नजर ठेवायला एक मेजर होते, पिवळं जाकीट घालून एका उंच चौथऱ्यावर बसलेले. ते म्हणे खुर्चीत सावरून बसले. पुठ्ठ्याच्या माणसांकडून त्यांना असलं काही कधी मिळालं नव्हतं.

इकडे लेफ्टनंट बायकोला विचारत होता, ते लवकर परत यावेत असं तुम्हाला वाटत असेल ना. यावर बायको जितका वेळ थांबली, तितका वेळ कोणी थांबू नये. मग म्हणाली, संध्याकाळपर्यंत आले तरी चालेल. तुम्ही तुमच्या सवडीनं बघा.

मी खुर्चीवरून उठलो. पुढे मी जे केलं, ते कलेच्या ओढीनं केलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. जिवाच्या भीतीनं लपलेला माणूस बेकरीमागे खुर्ची टाकून मासिक वाचत बसेल का, असा माझा सवाल होता. तो सवाल आजही मला पटतो. पण खरं सांगायचं तर मला रागच आला होता. म्हटलं, सवडीनं बघा काय? आता शोधाच! कोठाराला मागचं दार होतं. भिंतीचा आधार घेत, पाठ वाकवून, मी शेजारच्या पंपघरात शिरलो. फिटर लपेल तर पंपघरातच लपेल! आत लाकडी फळ्यांचा पंप होता आणि त्याला निळा रंग फासलेले पाइप. मी लोखंडी दार लोटून घेतलं. बाहेरच्या बाजूनं खट्ट झालं.

बाहेरची कडी आपणहून पडली होती.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता अगदी खरं वाटेल. मग मी दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. वर पत्रा होता आणि ऊन चांगलंच चढलेलं. हवेला म्हणून छताजवळ एक झरोका. लहानपणापासून मला कोंडलेल्या जागेची भीती वाटते. लिफ्टमध्येसुद्धा मी आकडे मोठ्यानं वाचतो. त्या अंधारात, चष्म्याशिवाय, निळे पाइप हळूहळू माझ्याकडे सरकतायत असं वाटू लागलं आणि फिटरचं कष्टाचं लहानपण मी साफ विसरलो.

तिकडे सराव मात्र ठरल्याप्रमाणे चालला होता. लेफ्टनंटनं बायकोचा विश्वास मिळवला, तिनं बेकरीमागचं कोठार दाखवलं, त्यानं जवानांना बाहेर थांबवून हलकेच दार वाजवलं, काका, घाबरू नका, म्हणत आत गेला. आत खुर्ची, बाटली, मासिक आणि सोनेरी काडीचा चष्मा. काका नाहीत! लेफ्टनंट हिरमुसला. बाहेर येऊन म्हणाला, ताई, मी तुमच्याशी इतकं नीट बोललो आणि तुम्ही मला फसवलंत. बायको म्हणाली, ते इथंच होते, शप्पथ. आणि शिट्टीबाईला गाठून विचारलं, यांना दुसरीकडे हलवलंय का. शिट्टीबाईला काहीच माहीत नव्हतं. तिनं मेजरांकडे धाव घेतली. मेजर इतके खूश होते, की तिला बोलूच देईनात. फसवी बायको, दुहेरी नवरा, मागे राहिलेला चष्मा! फार छान रचना केलीत, म्हणाले. आता मध्ये पडू नका, पुढे काय होतं बघू.

आणि मग पंपघराजवळच्या पहाऱ्यावरच्या जवानाला दार वाजवल्याचा आवाज आला.

दाराखालच्या फटीतून मला त्याचे बूट दिसले. बूट असावेत, निदान काळं काहीतरी होतं. मी हाक मारली, की बाबा, मी खरोखर अडकलोय, कडी काढ. तो फार सज्जन होता. म्हणाला, हो काका, पण अनोळखी आवाजावर दार उघडायचं नाही असा हुकूम आहे, आत सापळा असू शकतो. मी म्हटलं, सापळा नाही, मी बेपत्ता माणूस आहे. त्यानं नाव विचारलं. मी विचारलं, कोणतं, खरं की कार्डावरचं? तिथंच सगळं बिघडलं.

तेव्हा मला तो ठरलेला शब्द आठवला. म्हणजे, शब्द होता एवढं आठवलं. दोन शब्द होते, एकमेकांच्या उलट, आणि त्यात पाण्याचं किंवा उन्हाचं काहीतरी. मी फटीशी तोंड नेऊन ओरडलो, "ओलं ऊन!"

"काय म्हणालात?"

"थांब. गरम बर्फ! नाही, नाही. थंड विस्तव! आंधळा आरसा! मुकी घंटा!"

काळं काहीतरी दोन पावलं मागे सरकलं. वायरलेसवर त्याचा दबका आवाज मला ऐकू आला. पंपघरात एक इसम असून तो सांकेतिक भाषेत कोणाला तरी इशारे देत आहे. ओलं ऊन म्हणजे हल्ला असावा, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

पुढची घाई मी आतून नुसती ऐकली, बाकीचं नंतर कळलं. पंपघराला वेढा पडला. चौक रिकामा करायला घेतला. नगराध्यक्षांनी, म्हणजे न्हाव्यानं, विहिरीच्या कठड्यावर चढून लोकांना शांत राहण्याचं असं काही आवाहन केलं, की तोवर शांत असलेले सगळे पळू लागले. मी शिकवलेली चाल त्यानं अजिबात वापरली नाही आणि तरी लोकांनी त्याला खरा नगराध्यक्ष मानलं, हे मला जास्तच लागलं. कर्ण्यावरून लेफ्टनंटचा आवाज आला, हात वर करून बाहेर या. मी आतून हात वर केले आणि ओरडलो, दार बाहेरून बंद आहे! यावर बाहेर बराच खल झाला. ज्याला बाहेरून कोंडलंय तो ओलीस असणार. मग त्याला कोंडणारे कुठं आहेत? सगळे जवान वळून बाहेरच्या बाजूला बंदुका रोखून उभे राहिले. आता वेढा कोणाला आहे हे कोणालाच कळेना.

मी खाली बसलो. घाम कानांमागून वाहत होता. आपण इथंच राहणार आणि हे लोक आपल्याला उत्तम अभिनय म्हणून दाद देणार, असं वाटायला लागलं. साधा माणूस मी इतका हुबेहूब याआधी कधीच केला नव्हता, पण त्यात मला गोडी वाटत नव्हती.

शेवटी लेफ्टनंटला सुचलं, की यांच्या पत्नीला बोलू द्यावं. त्यांनी बायकोच्या हाती कर्णा दिला.

"अहो," ती म्हणाली. "आत तुम्हीच आहात ना?"

"हो," मी म्हटलं.

"ऐकू येतंय का नीट?"

"येतंय."

"आधी भिंतीला टेकून बसा. शर्टाची वरची बटणं काढा. आणि गप्प बसा, उगाच ओरडून दम लावून घेऊ नका."

"बरं. तू म्हणशील तसं," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

कर्णा एकदम बंद झाला. नंतर तिनंच मला सांगितलं, की ती तेव्हा घाबरली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं एकदाही एका दमात तीन गोष्टी ऐकलेल्या नाहीत. हा अभिनय नाही. यांना अभिनय येत नाही. हे खरंच अडकलेत.

तिनं कर्णा पुन्हा तोंडाशी धरला आणि दवाखान्यात पुढच्या माणसाला आत बोलवावं तितक्या शांतपणे म्हणाली, "कोरडा पाऊस."

सगळं गाव जागच्या जागी थांबलं. शिट्टी वाजली. लेफ्टनंट धावत आला आणि त्यानं एका बोटानं कडी वर केली.

दार उघडलं तेव्हा उजेडात दोन आकृत्या होत्या. एक हलली, म्हणून ती बायको असं मी धरून चाललो. तिनं आधी मला पाणी पाजलं, मग पदरानं चष्मा पुसून माझ्या नाकावर ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी तिला म्हणालो, कपाळ काही पार मागपर्यंत गेलेलं नाही. ती लेफ्टनंटला म्हणाली, बरे आहेत, आता काळजी नाही.

जेवण थंड झालं होतं, पण कोणाची तक्रार नव्हती. जेवणानंतर एका मोठ्या खोलीत मेजरांनी सगळ्यांना जमवलं. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण मेजर म्हणाले, पुस्तकात माणसं ठरल्या जागी बसलेली असतात. खरी माणसं रागावतात, जागा बदलतात, विसरतात, आणि नको तेव्हा खरं बोलतात. आमच्या जवानांना आज ते बघायला मिळालं. लेफ्टनंट पास झाला. बाईंना पाणी दिलंत ते बरोबर केलंत, एवढंच मेजर त्याला म्हणाले, आणि तो कानापर्यंत लाल झाला. पहाऱ्यावरच्या जवानानं हुकूम पाळला म्हणून त्याचंही कौतुक झालं. बायकोला तर त्यांनी तिथंच विचारलं, की दर सरावाला येऊन आमच्या अधिकाऱ्यांना लोकांशी कसं बोलायचं हे शिकवाल का. न्हाव्याला कायमचं नगराध्यक्षपद मिळालं.

माझ्यापाशी येऊन मेजरांनी हात मिळवला, बराच वेळ हलवला, आणि काही न बोलता पुढे गेले. मोठी माणसं खऱ्या कलेपुढे अशीच निःशब्द होतात.

घरी येताना बसमध्ये बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लोकांसमोर ती असं कधी करत नाही. आपण घाबरलो होतो हे तिनं झोपायच्या आधी, खिडकीबाहेर बघत सांगितलं होतं. खांदा पंपघराच्या दारावर आपटून ठणकत होता. तरी थांबा येईपर्यंत मी तो हलवला नाही.

पुढच्या सरावाआधी शिट्टीबाईचा फोन आला. बायको दवाखान्यात होती, मीच घेतला. ती म्हणाली, काका, बेपत्ता माणसाची भूमिका सगळ्यांना फारच आवडली, ती आम्ही आता कायम ठेवतोय, आणि ती तुमचीच. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, पात्राच्या पाठदुखीवर मी बरंच काम केलंय, किती वाजता पोचू?

"नाही, नाही, काका," ती घाईघाईनं म्हणाली. "या वेळेपासून तो माणूस सापडतच नाही, असं ठरलंय. तेव्हा तुम्ही यायची तशी गरज नाही."

मी लगेच होकार दिला. आता सरावाच्या दिवशी बायको आणि न्हावी सकाळच्या गाडीनं जातात आणि मी घरी बेपत्ता असतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवून आरामात बसतो, दोघांपुरता स्वयंपाक करून ठेवतो. मागच्या खेपेला तर म्हणे संध्याकाळपर्यंत सगळी तुकडी मला शोधत होती आणि कोणाला माझा मागमूस लागला नाही. काम अगदी चोख झालं, असं बायको स्वतः म्हणाली. आजवरच्या माझ्या कुठल्याच भूमिकेबद्दल तिनं असं म्हटलेलं नाही.